अनुसयाबाईंचं बोट

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. या पानावर रोज कोणी ना कोणी तशीच सुरुवात करतं आणि पुढे पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय असं सगळं ओळीने येतं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. रात्रसुद्धा नाही. जे घडलं ते गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, झाशीत, बबीना रस्त्यालगतच्या एका साध्या कॉलनीत घडलं. जिच्याबाबत घडलं ती माझी मामेबहीण प्रियदर्शिनी. ती खोटं बोलत नाही. लहानपणी आम्ही दोघींनी मिळून श्रीखंड चोरलं, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं होतं. मार मात्र मी खाल्ला.

झाशीची मेमधली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. बाहेर लू वाहते, अंग भाजून काढणारा वारा. रस्ते ओस पडतात. खिडक्यांना जाड पडदे, दारांना कड्या, घरात फक्त कूलरची घरघर. मध्यरात्रीला नसेल एवढी सामसूम असते.

आणि चोरही तिथे दुपारीच येतात.

प्रियदर्शिनीचे सासरे नामदेवराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे साताऱ्याकडचे, पण शेवटची नेमणूक बबीन्याची. तिथून जवळच प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि गावाकडे परत जायचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर काही वर्षं ते गरौठ्याला एका बँकेत पहारेकरी होते. त्या नोकरीला स्वतःची परवान्याची बंदूक लागायची. ती दुनळी बंदूक नोकरी सुटल्यावरही घरातच राहिली.

आता बुंदेलखंडात घरात बंदूक असणं काही विशेष नाही. लोक ती लग्नात हवेत उडवतात, फोटोसाठी खांद्यावर घेतात, उशाशी भरून ठेवतात. नामदेवरावांना त्याची भयंकर चीड होती. पलटणीत त्यांनी बरीच वर्षं कोत सांभाळलं होतं. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. हत्यार ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात दारूगोळा द्यायचा नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं. एकाचं डोकं फिरलं तरी दुसऱ्याचं ठिकाणावर असतं.

घरीही त्यांनी तेच केलं. बंदूक त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या गळ्यात. काडतुसं मधल्या खोलीत, देवघराखालच्या फडताळात, आणि त्यांची किल्ली बायकोच्या, म्हणजे अनुसयाबाईंच्या कमरेला.

मग शेजारच्या गल्लीत दरोडा पडला. भर दुपारी. त्या घरातही बंदूक होती, पण कपाटाची किल्ली सापडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरमालकाचं डोकं फुटलं, तो महिनाभर इस्पितळात होता.

नामदेवरावांनी ते मनाला लावून घेतलं. कुलूप पक्कं हवं, पण गरज पडली तर क्षणात उघडायलाही हवं, असं ते रोज बोलून दाखवायला लागले. त्यांचा मुलगा भूषण सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्याने बोटाच्या ठशावर उघडणारी पोलादी पेटी आणली आणि फडताळात बोल्टने घट्ट आवळली. ठरलेलं बोट लागलं की ती दोनदा बारीक वाजायची. पीप-पीप. भलतंच बोट लागलं की एकच लांब, रडका आवाज करायची.

ठसा घेतला तो फक्त अनुसयाबाईंचा. नामदेवरावांनी स्वतःचाही घेऊ दिला नाही. बंदूक माझ्याकडे, काडतुसं तिच्याकडे, यात बदल होणार नाही म्हणाले.

पण जन्मभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून अनुसयाबाईंच्या बोटावरच्या रेघा पार पुसट झालेल्या. त्यात झाशीची कोरडी हवा. पेटी त्यांना ओळखेचना. मग त्यांनीच युक्ती काढली. बोट काचेवर टेकवण्याआधी त्या काचेवर तोंडाने वाफ सोडायच्या. चष्मा पुसताना सोडतो तशी. हाऽऽ... की बोट. की पीप-पीप.

जेवणं झाली की दुपारी नवराबायकोचा सराव चालायचा. नामदेवराव कपाटातून बंदूक काढायचे, मधून उघडायचे आणि मागे न बघता हाक मारायचे.

"अनुसया, काडतूस."

डावा हात पाठीमागे पसरलेला. अनुसयाबाई ओ द्यायच्या, पेटी उघडायच्या, दोन काडतुसं त्या तळहातावर ठेवायच्या. दाराकडे नजर असलेल्या माणसाने काडतुसांसाठी मान वळवायची नाही, असा त्यांचा दंडक. सराव झाला की काडतुसं त्याच हाताने परत. अनुसयाबाई पेटी लावायच्या आणि प्रियदर्शिनीला म्हणायच्या की अगं, बाकीच्या बायकांना नवरा चहा मागतो, माझा मेला दारूगोळा मागतो. दोघी हसायच्या. सासूसुनेचं चांगलं होतं. मी उगाच म्हणत नाही, मी पाहिलंय.

थंडीत अनुसयाबाई गेल्या. झोपेतच. काही आजार नाही, काही नाही.

आणि नामदेवराव हळूहळू विसरायला लागले.

आधी जेवल्याचं विसरायचे. मग वार. मग कॉलनीतली माणसं. शेजारचे गुप्ताजी रोज "सूबेदार साहब, राम राम" करायचे, त्यांनाच एके दिवशी हे विचारू लागले की आप कौन. बबीन्याच्या मिलिटरी इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार, घरात धोक्याचं काही ठेवू नका.

बंदूक हलवायची कशी? मागे निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केली होती, तेव्हा म्हाताऱ्याने अन्नपाणी सोडलं होतं. रिकामं कपाट उघडून तासन्‌तास उभे राहायचे. भूषणला ते बघवलं नव्हतं.

त्याने बायकोची समजूत घातली. "बंदूक राहू दे त्यांच्याजवळ. नुसती बंदूक काय करणार? पेटी आईच्या बोटाशिवाय उघडत नाही, आणि आई तर गेली. यापेक्षा पक्कं कुलूप कुठे मिळणार, सांग."

पेटीबरोबर आलेली अडीअडचणीची किल्ली त्याने कारखान्यातल्या स्वतःच्या लॉकरमध्ये टाकली. घरात पेटी उघडू शकेल असं कोणी उरलं नाही.

प्रियदर्शिनीला ते पटलंही आणि नाहीही. काडतुसंच बाहेर काढून टाक ना, असं ती दोनदा म्हणाली. भूषण हो म्हणायचा. करायचा नाही. पुढचं सगळं या एका चालढकलीमुळे झालं, असं मला वाटतं. तिला मात्र तसं वाटत नाही.

नामदेवरावांचा दुपारचा सराव थांबला नव्हता.

"अनुसया, काडतूस."

डावा हात मागे पसरलेला. घरात कोणी बोलत नसे. प्रियदर्शिनी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची. आई नाहीत, हे पहिल्या पहिल्यांदा तिने त्यांना जाऊन सांगितलं होतं. पण प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानेच कळायचं, आणि प्रत्येक वेळी ते तसेच रडायचे. मग तिने सांगणं सोडून दिलं. हाक मारून मारून ते दमायचे, उठून मधल्या खोलीत जायचे आणि स्वतःचं बोट काचेवर दाबायचे. तो लांब, रडका आवाज यायचा. परत दाबायचे. परत तोच आवाज. मग जाऊन झोपायचे.

तिला तो आवाज नकोसा झाला होता, आणि त्यातच तिचा दिलासाही होता. पेटी बंद आहे, एवढं त्यावरून कळायचं.

मे महिना लागला. ऊन रणरणायला लागलं.

एका दुपारी भांडी आवरताना प्रियदर्शिनीच्या लक्षात आलं...

तो रडका आवाज बरेच दिवस आलाच नव्हता.

हाक मात्र रोज येत होती. हाक यायची, मग थोडा वेळ शांत, मग बंदूक कपाटात ठेवल्याचा आवाज. बाबा पेटीकडे जातच नव्हते. तिला आधी बरं वाटलं. विसरले असतील, सुटलो, असं वाटलं. मग वाटलं की पेटी विसरले, तर हाक कशी नाही विसरले?

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कान देऊन बसली. हाक आली.

"अनुसया, काडतूस."

कूलर घरघरत होता. बाहेर लूने कुणाचातरी पत्रा वाजत होता.

आणि मधल्या खोलीतून...

पीप-पीप.

तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मग देवाचं नाव घेत ती उठली आणि मधल्या खोलीत गेली.

खोलीत कोणी नव्हतं. पेटी बंद. सगळं जागच्या जागी.

फक्त पेटीवरची ती छोटी काच... धुरकट झाली होती.

तिच्यावर वाफ होती. झाशीच्या मे महिन्यात, जिथे ओला कपडा दोरीवर टाकेपर्यंत वाळतो तिथे. प्रियदर्शिनीच्या डोळ्यांदेखत ती वाफ कडेकडेने आटत गेली. मध्ये राहिली बोटाच्या टोकाएवढी स्वच्छ जागा. मग तीही दिसेनाशी झाली.

नामदेवराव त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसून बंदूक पुसत होते. गेल्या काही महिन्यांत इतके शांत ते कधी दिसले नव्हते. तिने घाबरत विचारलं की काडतुसं मिळाली का.

"मिळाली की. सराव झाला, परत दिली," ते म्हणाले.

"कोणाकडे दिलीत, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू विसरायला तीच लागली होती. "पेटी कोणाकडे असते आपल्याकडे?"

संध्याकाळी तिने भूषणला सगळं सांगितलं. तो तिच्यावर हसला नाही, एवढं खरं. उन्हाने यंत्र बिघडतं, बॅटरी उतरली की असं वाजतं, असं काहीबाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून किल्ली आणून पेटी उघडली. काडतुसं सगळी होती. एकही कमी नाही. फक्त दोन काडतुसं पुठ्ठ्याच्या खोक्यात नव्हती, खोक्यावर शेजारी शेजारी ठेवलेली होती. आईने शेवटी तशीच ठेवली असतील, तो म्हणाला.

प्रियदर्शिनी म्हणाली, आईंनी कधी काही असं उघड्यावर टाकलेलं मला आठवत नाही.

येत्या रविवारी काडतुसं बंदुकीच्या दुकानात जमा करायची आणि पेटीतला ठसा पुसून टाकायचा, असं ठरलं. नुसती काडतुसं काढून भागलं नसतं. रिकामी का होईना, ती पेटी कोणाच्या तरी बोटाने उघडत राहावी हे प्रियदर्शिनीला सहन होणार नव्हतं.

रविवार आला. भूषण पेटीसमोर मांडी घालून बसला. ठसा पुसायचं बटण पेटीच्या आत असतं, ते दाबून धरायचं होतं. तो बसून राहिला. चहा गार झाला तरी बसून राहिला. शेवटी ती त्याच्याजवळ गेली, तर त्याचे डोळे भरले होते.

"आईचं एवढंच राहिलंय गं," तो म्हणाला. "फोटो आहेत, साड्या आहेत. पण ती स्वतः जिथे अजून ओळखली जाते असं हे एवढंच आहे."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पेटी पुन्हा बंद झाली. काडतुसं आतच राहिली, कारण बाहेर काढून घरात ठेवायची तरी कुठे? एव्हाना दुकानाची वेळ टळली होती, पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं.

पुढचा आठवडा आला.

त्या दुपारी जेवणानंतर लाईट गेली. कूलर बंद पडला. घर एकदम गप्प झालं. नामदेवराव खोलीत झोपले होते. प्रियदर्शिनी गच्चीवर गेली. सकाळी घातलेल्या कुरडयांवरचं धोतर लूने उडालं होतं, ते सारखं करून तिला कडेने दगड ठेवायचे होते. दोन मिनिटांचं काम.

तिकडे कारखान्यात मोठा बिघाड होऊन काम थांबलं होतं, म्हणून भूषण लवकर निघाला. मोटरसायकलवर लू लागू नये म्हणून सगळे बांधतात तसा त्याने नाकातोंडाला गमछा गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. पुढचं दार वाजवलं तर बाबांची झोप मोडेल, म्हणून तो मागच्या अंगणातून आला. मागच्या दाराला बाहेर जाळीचं दार आहे, आणि लाईट गेल्यामुळे आतलं दार उघडंच होतं. जाळीच्या फटीतून हात घालून कडी काढता येते. घरातल्या माणसाला ते ठाऊक असतं. चोरालाही असतं.

कडी खडखडली.

खाली जिन्याच्या तळाशी हालचाल झाली. मग कपाट उघडल्याचा आवाज आला. गच्चीवर प्रियदर्शिनीच्या हातात दगड होता.

"अनुसया."

आवाज नेहमीचा नव्हता. दुपारच्या सरावाचा नव्हता. दबका, तुटक, जागा झालेला आवाज.

"अनुसया, काडतूस."

ती क्षणभर थांबली. ते तिला आजही खातं. हे रोजचंच आहे, हाक मारून गप्प बसतील, असं तिला क्षणभर वाटलं. कूलर बंद होता, त्यामुळे घरातलं सगळं जिन्यातून वर स्पष्ट ऐकू येत होतं. आणि मग तिने ऐकलं...

हाऽऽ...

पीप-पीप.

दगड टाकून ती धावली. गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली, पायात चप्पल नाही. तिला भाजल्याचं रात्री कळलं.

ती खाली पोचली तेव्हा नामदेवराव घरातून मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात उभे होते. पाठ तिच्याकडे. समोर बोळाच्या टोकाला जाळीचं दार, आणि दारामागे ऊन पाठीवर घेऊन उभा असलेला, तोंड बांधलेला काळा माणूस. त्याचा हात जाळीतून आत आला होता आणि कडी शोधत होता.

बंदूक मधून उघडलेली. डावा हात मागे पसरलेला. तळहात रिकामा.

म्हाताऱ्यामागे कोणी नव्हतं. ती शपथेवर सांगते, कोणी नव्हतं. मधल्या खोलीचं दार उघडं होतं, आणि बोळ रिकामा होता.

मग त्यांची बोटं मिटली.

मघाशी हातात काही नव्हतं. आता दोन लाल काडतुसं होती.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, ते भूषण आहेत."

त्यांनी काडतुसं नळ्यांमध्ये सरकवली. बंदूक खट्‌कन बंद झाली आणि खांद्याला लागली. आता कळतं की शिकवलेलं काही म्हणून ते विसरले नव्हते. फक्त माणसं विसरले होते.

"थम. कौन आता है?"

बाहेरून भूषण काहीतरी म्हणाला. गमछ्यातून नुसतं गुरगुरल्यासारखं आलं. बाहेरच्या झगझगीत उन्हातून आत त्याला काळोखच दिसत होता, बंदूक दिसतच नव्हती. त्याने कडी आणखी जोराने ओढली.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, बाबा, ऐका!"

मान वळली नाही. दाराकडे नजर असलेल्या माणसाने मान वळवायची नाही. आणि बाबा म्हणणारी ही कोण बाई, हे त्यांना त्या क्षणी ठाऊकही नव्हतं. त्यांच्या जगात तेव्हा दोनच माणसं होती, दारातला चोर आणि मागची अनुसया.

चापावर बोट गेलं.

तेव्हा प्रियदर्शिनीच्या तोंडून ते निघालं. ती म्हणते, विचार करून नाही निघालं. नुसतं "अहो". पुढे बाबा नाही, काही नाही. नामदेवरावांना तशी हाक जन्मभर एकाच बाईने मारली होती.

"अहो. आपला भूषण आहे तो. आणा ती काडतुसं इकडे."

बोट थांबलं.

म्हातारा क्षणभर तसाच उभा राहिला. मग खांदे सैल पडले. त्यांनी बंदूक खाली घेतली, उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि मागे न बघता, डाव्या हाताने परत दिली.

प्रियदर्शिनीने हात पुढे केला.

त्यांचा हात तिच्या हाताकडे आलाच नाही. तो तिच्या उजवीकडून, तिच्या खांद्याला घासत मागे गेला. तिथे अर्धवट उघडला. आणि रिकामा परत आला.

खाली फरशी होती. दोन जड काडतुसं होती...

पडल्याचा आवाज आला नाही.

ती मागे वळली नाही. तिची मान वळेचना. तिला मागे पावलं ऐकू आली नाहीत, बांगड्या ऐकू आल्या नाहीत, असलं काहीही नाही. मधल्या खोलीत पेटीचं झाकण मिटलं, तेवढं ऐकू आलं. हलकेच. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून मिटावं तसं.

तेवढ्यात कडी निघाली. भूषण गमछा सोडत आत आला. बापाच्या हातात उघडी बंदूक आणि बायको भिंतीला टेकलेली बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि त्याने पहिलं काय विचारावं? आई काय म्हणाली आत्ता, असं विचारलं. मीच बोलले, असं प्रियदर्शिनीने त्याला सांगितलं. त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या आवाजात आणि आईच्या आवाजात फरक करता येऊ नये, इतका तो काही बहिरा नाही.

दुसऱ्या दिवशी बंदूक आणि काडतुसं दोन्ही दुकानात जमा झाली. परवाना नामदेवरावांच्या नावावर, त्यामुळे त्यांना बरोबर नेणं भाग होतं आणि ते ऐकणार नाहीत याची भूषणला खात्री होती. प्रियदर्शिनी त्यांच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि म्हणाली की अहो, निवडणूक आहे, जमा करून येऊ. ते मुकाट्याने उठले आणि टोपी घातली. सुनेने सासऱ्याला असं बोलावं याची तिला इतकी लाज वाटली की परत येताना रिक्षात ती पदराआड रडत होती.

पेटीतला ठसा भूषणने त्याच रात्री पुसला. बटण दाबून धरताना तो रडला, पण सोडलं नाही. बोल्ट काढून पेटी भंगारात दिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी तिला फोनवर तेच म्हणाले. बंदूक गेली, पेटी गेली, आता कसली भीती?

मग तिने सांगितलं.

नामदेवरावांच्या हाका थांबलेल्या नाहीत. आता ते काडतूस मागत नाहीत, त्यांना आठवतच नाही. पाणी मागतात. चष्मा मागतात. "अनुसया, पाणी." आणि प्रियदर्शिनीला जायला उशीर झाला, ती गच्चीवर किंवा न्हाणीघरात असली, की...

ती पोचते तेव्हा पाणी त्यांच्या हातात असतं.

पेला स्वयंपाकघरातलाच. भरलेला. बाहेरून दव धरलेला.

"पेटीचं नव्हतंच गं काही," ती मला म्हणाली. "ते मागतात आणि आई देतात. काय मागितलं, ते बघत नाहीत. काडतूस मागितलं, काडतूस दिलं. कशासाठी हवंय, हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. आता कशाला विचारतील?"

मी म्हटलं, पाणीच आहे ना. देऊ दे.

तेव्हा तिने ते सांगितलं. गेले काही दिवस संध्याकाळी, दिवेलागणीला, नामदेवराव अंथरुणावर उठून बसतात. अंगात सदरा चढवतात. दाराकडे बघतात आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणतात...

"अनुसया, आता मला घेऊन चल."

प्रियदर्शिनी ती वेळ झाली की हातातलं काम टाकून त्यांच्या दारात जाऊन बसते. हाक पुरती व्हायच्या आत ओ देते. अहो, उद्या जाऊ, म्हणते. आज उशीर झालाय. ते मान हलवतात, सदरा काढतात आणि झोपतात. रोज. कराडला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याला ती आली नाही. मुलगा पार्थ नागपूरला शिकतो, त्याला भेटायला गेली नाही. भूषण म्हणतो, मी देतो ना ओ. पण पुरुषाच्या आवाजाला ते ऐकत नाहीत. करून पाहिलं एकदा, आणि तेव्हा खोलीत दोघांनाही काय ऐकू आलं ते ती मला सांगत नाही.

परवा तिचा फोन आला होता. बोलता बोलता मध्येच थांबली, मला थांब म्हणाली, आणि मला लांबून तिचा आवाज आला. अहो, उद्या. उद्या नक्की.

मग परत आली आणि म्हणाली की तिला उजव्या कानाने, त्या दुपारी बाबांचा हात मागे गेला त्या बाजूने, अलीकडे जरा कमी ऐकू येतं. डॉक्टरांना दाखवायचंय. पण घराबाहेर पडायला जमत नाही.